‘मेक इट’ म्हणजे नेमकं काय? पोचणं, जमणं आणि तरणं

माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. नोकरीला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा एका सोमवारी संध्याकाळी तिला मँचेस्टरमधल्या मॅनेजरचा निरोप आला: ‘वुई हॅव अ डेमो ऑन थर्सडे. होप यू कॅन मेक इट.’ तिनं त्याचा अर्थ लावला, गुरुवारी डेमो आहे आणि तो तू बनवशील अशी आशा आहे. दोन रात्री जागून पोरीनं डेमो बनवला. गुरुवारी मीटिंग सुरू झाली तेव्हा दुसरीच टीम आपला तयार डेमो दाखवत होती. तिच्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं. मॅनेजरनं विचारलं होतं ते एवढंच, की गुरुवारी डेमो आहे, तुला यायला जमेल ना?

फोनवर तिचा आवाज भरून आला होता. ‘मॅडम, मेक म्हणजे बनवणं, इट म्हणजे ते. वाक्यात डेमो होता, म्हणून मी डेमो बनवला. यात माझं काय चुकलं?’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपण मुलांकडून ‘मेक, मेड, मेड’ घोकून घेतो, ‘मेक’ म्हणजे ‘बनवणे’ असं फळ्यावर लिहितो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो. पण इंग्रजी बोलणारा माणूस दिवसातून कितीतरी वेळा ‘मेक इट’ म्हणतो तेव्हा तो काहीही बनवत नसतो. तो कुठेतरी पोचत असतो, काहीतरी जमवत असतो, नाहीतर कशातून तरी तरून निघत असतो. मराठीत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना आपल्याकडे वेगवेगळी क्रियापदं आहेत. इंग्रजीनं त्या एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. हे गाठोडं सोडवून बघायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

सगळ्यात सोपा अर्थ पोचण्याचा. ‘वुई मेड इट टू द स्टेशन.’ आम्ही स्टेशनला पोचलो. पण मग ‘रीच’ आहे, ‘अराइव्ह’ आहे, ‘गेट देअर’ आहे. इतके शब्द हाताशी असताना ‘मेक इट’ कशाला?

दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘आय अराइव्ह्ड ॲट फाइव्ह.’ ‘आय मेड इट बाय फाइव्ह.’ पहिलं वाक्य हजेरीच्या वहीतल्या नोंदीसारखं आहे. पाच वाजता आलो, संपलं. दुसऱ्या वाक्यामागे धावपळ आहे. रस्ता तुंबला होता, रिक्षा मिळत नव्हती, पाचपर्यंत पोचतोय की नाही अशी धाकधूक होती, आणि तरीही पोचलो. ‘मेक इट’मध्ये आधी एक शंका दडलेली असते आणि मग ती फिटल्याचा सुस्कारा असतो. शंकाच नसेल तर हा वाक्प्रचार विचित्र वाटतो. धडधाकट माणूस ‘आय मेड इट टू द किचन’ म्हणाला तर ऐकणारा चमकून बघेल. तेच पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस दहा दिवसांनी पहिल्यांदा कुबड्या घेऊन ओट्यापर्यंत गेला आणि हेच वाक्य म्हणाला, तर घरातले टाळ्या वाजवतील.

मराठीत ही शंका आणि हा सुस्कारा दाखवायला आपल्याकडे एक छोटासा, अफलातून शब्द आहे: एकदाचा. ‘पोचलो’ आणि ‘पोचलो एकदाचा’ यांत जो फरक आहे, तोच ‘अराइव्ह्ड’ आणि ‘मेड इट’मध्ये आहे. ‘गाडी मिळाली एकदाची.’ ‘झाली बाई एकदाची परीक्षा.’ वर्गात मी ‘मेक इट’ शिकवते तेव्हा शब्दकोशातले अर्थ मागाहून सांगते. आधी सांगते, जिथे तुमच्या तोंडून आपसूक ‘एकदाचा’ निघेल तिथे इंग्रज ‘मेड इट’ म्हणेल. हे कळलं की निम्मं काम झालं.

आपल्याकडचं दुसरं क्रियापद ‘गाठणे’. मुंबईत आठ बाराची लोकल ‘गाठतात’, संघ अंतिम फेरी ‘गाठतो’, म्हातारं माणूस नव्वदी ‘गाठतं’. या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘मेक’ चालतं: ‘मेक द ट्रेन’, ‘मेक इट टू द फायनल’, ‘मेक इट टू नाइन्टी’. क्रीडापानावरच्या ‘अंतिम फेरीत धडक’ या ठरलेल्या मथळ्याचं इंग्रजीही ‘मेक इट टू द फायनल’ असं करता येतं. ‘धडक’वरून आठवलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा इंग्रजी बातम्यांत त्यासाठी ‘मेड लँडफॉल’ हे शब्द होते. त्यातला ‘मेक’ बनवण्याचा नाही. तो ठिकाण गाठण्याचा ‘मेक’ आहे, आणि जहाजांच्या भाषेत तो फार वावरलेला आहे. जहाज बंदराला लागलं की ‘मेड पोर्ट’, जमीन नजरेच्या टप्प्यात आली की ‘मेड लँड’. अंतर कापण्यालाही ‘मेक’च लागतं. दिवसात चाळीस मैल चाललो तर ‘मेड फोर्टी माइल्स’, अपेक्षेपेक्षा लवकर आलो तर ‘मेड गुड टाइम’. या वळणावर एकदा कान स्थिरावला की ‘मेक’चा ‘पोचणे’ हा अर्थ परका वाटत नाही.

किनाऱ्याचा विषय निघाला आहे, तर इथे थोडं थांबते, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो.

इंग्रजीतला ‘अराइव्ह’ हा साधा शब्द लॅटिनमधल्या ‘रिपा’पासून आला, आणि ‘रिपा’ म्हणजे किनारा. अराइव्ह होणं म्हणजे मुळात काठाला लागणं. ‘अपॉर्च्युनिटी’च्या पोटात ‘पोर्टस’ आहे, म्हणजे बंदर. वारा बंदराच्या दिशेनं वाहू लागला की ती वेळ चांगली. म्हणजे युरोपातल्या माणसानं पोचणं, संधी, यश या सगळ्याचा विचार नावेत बसून केला.

आणि आपण? परीक्षेत मुलगा ‘उत्तीर्ण’ झाला म्हणतो, त्यातला ‘तीर्ण’ संस्कृत ‘तॄ’ धातूचा आहे. तॄ म्हणजे तरणे, पाणी ओलांडणे. उत्तीर्ण झाला म्हणजे पलीकडे गेला. एखादी बाई शास्त्रीय संगीतात ‘पारंगत’ आहे, म्हणजे पार गेलेली आहे, आणि ‘पार’ म्हणजे पलीकडचा काठ. काम ‘पार पडतं’ तेही तिथेच. काम ‘तडीस नेतो’ त्यातली ‘तड’ म्हणजे काठच. संकट ‘निस्तरतो’ त्यातही तोच तॄ. तीर्थ हा शब्दसुद्धा त्याच कुळातला, नदी ओलांडायची जागा. ज्या देशात पावसाळ्याचे चार महिने नदी आडवी यायची आणि गावाबाहेर पडायचं म्हणजे आधी ‘तर’ (पलीकडे नेणारी होडी) गाठायची, तिथल्या भाषेत यशाला पलीकडचा काठ म्हणणं किती स्वाभाविक आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण ‘उत्तीर्ण’ म्हणतो तेव्हा भरलेली नदी कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, पण शब्दात ती अजून वाहते आहे.

म्हणून ‘मेक इट’मध्ये पोचणं, यश मिळणं आणि वाचणं एकत्र कसं, याचं कोडं आपल्याला तरी पडायला नको. नाव काठाला लागली यात तिन्ही गोष्टी आल्या. पोचलो, काम फत्ते झालं, बुडालो नाही.

आता ‘इट’कडे येऊ. माझ्या विद्यार्थिनीला ठेच लागली ती इथेच. तिनं ‘इट’चा मालक शोधला आणि तिला ‘डेमो’ सापडला. पण या वाक्प्रचारातल्या ‘इट’ला मालक नसतो. ‘विंग इट’ म्हणजे तयारीशिवाय वेळ मारून नेणं. ‘रफ इट’ म्हणजे सोयींशिवाय दिवस काढणं. ‘लेग इट’ म्हणजे ब्रिटिश बोलीत धूम ठोकणं. यांतल्या ‘इट’ला ‘ते म्हणजे काय’ असं विचारून उत्तर मिळत नाही. जे काही गाठायचं, सोसायचं, करायचं आहे, ते दोघांनाही ठाऊक आहे असं धरून हे ‘इट’ जागा भरतं.

मुलं म्हणतात, ही काय भाषा झाली. मग मी त्यांना आपलीच वाक्यं विचारते. ‘त्या दोघांचं बिनसलं.’ काय बिनसलं? ‘लग्नाचं जुळत आलं होतं, पण फिसकटलं.’ काय फिसकटलं? ‘सासूबाई गावाला गेल्या आणि हिचं फावलं.’ काय फावलं? ‘एवढ्या पगारात भागतं का तुमचं?’ काय भागतं? नपुंसकलिंगी क्रियापद वाक्यात ऐटीत बसलेलं असतं आणि त्याचा कर्ता कुणी सांगू शकत नाही. आणि स्त्रीलिंगी बघायची असेल तर ‘त्याची चांगली जिरवली’, ‘माझी टरकली’, ‘रात्री जरा जास्तच चढली’. मराठी माणसानं इंग्रजीच्या बिनमालकाच्या ‘इट’ला घाबरायचं काही कारण नाही. आपण हे दिवसभर करत असतो.

हा वाक्प्रचार आहे की खरंच काही बनवलंय, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. वाक्य उलटं फिरवून बघायचं. केक बनवला असेल तर ‘आय मेड इट’चं ‘इट वॉज मेड बाय मी’ करता येतं. स्टेशनवर वेळेत पोचला असाल तर करता येत नाही, अर्थ मोडून पडतो. कानालाही फरक कळतो. ‘हा केक कुणी केला?’ याचं उत्तर देताना जोर ‘आय’वर येतो. धापा टाकत दारात उभं राहून म्हणताना तो ‘मेड’वर येतो, आणि तोही लांबवून.

‘आय डिड इट’शीही गल्लत होते. ‘डिड इट’ म्हणजे केलं, करून दाखवलं. ‘मेड इट’ म्हणजे गाठलं, तरलो. मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर दोन्ही चालतात, कारण पळणाऱ्यानं काम केलंही आणि रेषा गाठलीही. पण फाइल पूर्ण करून साहेबांना ‘सर, आय मेड इट’ म्हणालात, तर साहेब फाइलकडे बघतील आणि ती तुम्ही बनवली असं समजतील.

दुसरा अर्थ, जमण्याचा. परदेशी लोकांबरोबर काम करणाऱ्याला सगळ्यात जास्त भेटतो तो हाच, आणि इथे मराठी इंग्रजीच्या इतकी जवळ आहे की मला दर वेळी नवल वाटतं. ‘सॉरी, आय कान्ट मेक इट टुनाइट.’ शब्दाला शब्द लावत बसू नका. याचं मराठी आहे ‘आज नाही जमायचं’. दोन्ही भाषांत ‘मी येणार नाही’ असं तोंडावर सांगणं उद्धटपणाचं वाटतं, कारण त्यात नकार माझा असतो. ‘जमणार नाही’मध्ये नकार परिस्थितीचा होतो. मला यायचं आहे हो, पण मध्ये काहीतरी आडवं आलंय. ते आडवं काय आलंय हे सांगावं लागत नाही, आणि समोरच्यानंही ते खोदून विचारायचं नसतं. ‘व्हाय?’ असं लगेच विचारणं इंग्रजीत खटकतं. माझ्या अनेक विद्यार्थ्यांची ही सवय मोडावी लागली, कारण आपल्याकडे ‘का हो, काय झालं?’ यात माया असते.

‘आय विल ट्राय टू मेक इट’ याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच घ्यावा, ‘बघतो, जमलं तर येतो’ यासारखाच. आपले काका लग्नाची पत्रिका हातात घेऊन असं म्हणाले की आई त्यांचं ताट मोजत नाही. तसंच समजायचं.

आणि आलात तर? यजमान दारात म्हणतील, ‘यू मेड इट!’ किंवा ‘सो ग्लॅड यू कुड मेक इट.’ हे ‘आलात, बरं वाटलं’ आहे. उत्तरादाखल रस्त्याची, पावसाची, गाडीची हकिकत सांगायला सुरुवात करू नये, हसून ‘थँक्स फॉर हॅविंग मी’ म्हटलं की पुरे. रात्री पाहुणे परत गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं एक मेसेज येतो, ‘डिड यू मेक इट होम ओके?’ हा मेसेज मला फार जवळचा वाटतो. आपली आई ‘पोचलीस की फोन कर गं’ म्हणून जी घोर लावून बसते ना, तो घोर या पाच-सहा शब्दांत आहे. याला ‘यस, मेड इट’ असं दोन-तीन शब्दांचं उत्तर पुरतं, पण ते द्यावं. पलीकडे कुणीतरी जागं असतं.

यशाचा अर्थ याच वाटेनं पुढे जातो. ‘शी मेड इट ॲज अ डान्सर.’ नर्तकी म्हणून तिनं नाव काढलं. ‘मेड इट बिग’ म्हणजे मोठं नाव केलं. शहराचं नाव घेऊन ‘मेक इट इन न्यूयॉर्क’ म्हणतात तेव्हा आपल्याकडचं ‘मुंबईत टिकला’ हेच त्याचं खरं भाषांतर, कारण दोन्हीकडे शहर हीच परीक्षा आहे. क्षेत्र कुठलंही असो, ‘मेड इट’ म्हटलं की आधी खूप जण त्या वाटेवर होते आणि बरेच मागे राहिले, हे गृहीत असतं. म्हणून वडिलांच्या चालत्या दुकानात बसलेल्या मुलाला सहसा कुणी ‘मेड इट’ म्हणत नाही. त्याला ‘ही हॅज गॉट इट मेड’ म्हणतात, म्हणजे सगळं आयतं मिळालंय. शब्द तेच दोन, जागा बदलली आणि कष्टच निघून गेले. ‘ही हॅज अराइव्ह्ड’ हाही यशाचाच प्रयोग आहे, आता तो बड्या लोकांत गणला जातो अशा अर्थाचा. याचं भाषांतर मात्र ‘पोचलेला माणूस’ असं करू नका. आपल्याकडे पोचलेला साधू असेल तर तो सिद्ध असतो, आणि पोचलेला व्यापारी असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं लागतं.

‘मेक इट’च्या मागून जे शब्द येतात ते फार मोलाचे. ‘टू’ आला की ठिकाण किंवा टप्पा, ‘थ्रू’ आला की त्रासाचा काळ निभावणं, ‘बॅक’ आला की परत येणं. पण ‘मेक इट’च्या लगेच पुढे संख्या, वेळ किंवा विशेषण आलं तर गाडीचा रूळच बदलतो. कॉफीच्या दुकानात मित्रानं कॉफी मागवली आणि तुम्ही ‘मेक इट टू’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘दोन करा’. मीटिंगबद्दल ‘लेट्स मेक इट फाइव्ह’ म्हणजे पाचची वेळ ठरवू. ‘मेक इट क्विक’ म्हणजे आटप लवकर. ‘आय विल मेक इट अप टू यू’ म्हणजे तुझं झालेलं नुकसान, तुला झालेला त्रास मी भरून काढीन. आणि ‘मेक इट विथ’ अमुक व्यक्ती हा प्रयोग अमेरिकी बोलीत शरीरसंबंधासाठी होतो, तेव्हा ‘त्यांच्यासोबत यायला जमेल’ असं सांगताना तो चुकूनही वापरू नये.

राहिला तिसरा अर्थ, तरण्याचा. हे समजावून सांगताना माझा आवाज दर वेळी थोडा खाली येतो.

सांगली जिल्ह्यातली एक नर्स माझ्याकडे इंग्रजी शिकून इंग्लंडला गेली. तिथल्या पहिल्याच महिन्यात सकाळी ड्यूटी बदलताना रात्रपाळीची सहकारी तिला म्हणाली, ‘बेड सिक्स डिडन्ट मेक इट.’ सहा नंबरच्या आजोबांना त्या दिवशी एक्स-रेला न्यायचं होतं. हिला वाटलं, रात्री नेणं जमलं नाही. ती म्हणाली, ‘ओके, आय विल टेक हिम आफ्टर लंच.’ सहकारी क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग तिच्या दंडावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, ‘नो, लव्ह. ही डाइड.’

रात्री तिनं मला फोन केला. ‘मॅडम, मी त्यांना दोन दिवस भरवलं होतं. आणि ते गेल्याचं मला कळलंसुद्धा नाही.’

‘ही डिडन्ट मेक इट.’ तो वाचला नाही. ‘शी माइट नॉट मेक इट थ्रू द नाइट.’ रात्र निघेल असं वाटत नाही. इंग्रजीत मृत्यूची बातमी सांगताना हे शब्द वापरतात, कारण ते मऊ आहेत. माणूस झगडला, पण काठाला लागला नाही, असं त्यात येतं. पण नेमक्या याच मऊपणामुळे, वाईट बातमी कशी द्यावी हे शिकवताना इंग्रजी भाषक देशांतल्या डॉक्टरांना आणि नर्सेसना सांगितलं जातं, की नातेवाइकांसमोर ‘डाइड’ हा स्पष्ट शब्द वापरा, ‘डिडन्ट मेक इट’, ‘पास्ड’, ‘लॉस्ट’ असे आडवळणाचे शब्द टाळा. धक्क्यात असलेल्या माणसाला आडवळण कळत नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही, त्याला तर नाहीच कळत. आपले आईवडील मुलांकडे परदेशी जातात, तिथे कुणीतरी आजारी पडतं, रुग्णालयातून फोन येतो. अशा वेळी ‘मेक इट’ कानावर पडलं आणि अर्थाबद्दल जराही शंका वाटली, तर सरळ विचारावं, ‘डू यू मीन ही डाइड?’ किंवा ‘इज ही अलाइव्ह?’ हे विचारणं अभद्र नाही. हे वाक्य मी आता परदेशी निघालेल्या सगळ्यांना पाठ करायला लावते, आजी-आजोबांना आधी.

आपलीही भाषा हेच करते. ‘काका गेले.’ मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसानं हे ऐकलं तर तो विचारेल, कुठे गेले? आणि ‘काका गावाला गेले’ आणि ‘काका गेले’ यांत एका शब्दाच्या नसण्यानं किती मोठी दरी पडते, हे त्याला कसं सांगायचं? त्या नर्सला मी हेच सांगितलं होतं. इंग्रजीत माणूस मरतो तेव्हा तो पोचत नाही. मराठीत माणूस मरतो तेव्हा तो जातो. दोन्ही भाषा वाटेबद्दलच बोलतात, फक्त एक अलीकडच्या काठावरून बघते आणि दुसरी पलीकडच्या.

हे तीनही अर्थ एकमेकांत कसे गुंततात हे दाखवायला मी वर्गात दोन हकिकती सांगते. पहिली अपोलो १३ची. ११ एप्रिल १९७० रोजी तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले. जिम लव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेज. अर्ध्याहून अधिक वाट कापल्यावर यानातल्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला. चंद्रावर उतरायचा बेत सोडावा लागला. ज्या छोट्या यानातून उतरायचं होतं, तेच त्यांनी जीव वाचवायची होडी म्हणून वापरलं, चंद्राला वळसा घातला आणि १७ एप्रिलला तिघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले. याबद्दल इंग्रजीत एका दमात म्हणता येतं: ‘दे डिडन्ट मेक इट टू द मून, बट दे मेड इट होम.’ एकाच वाक्यात एकदा नाही आणि एकदा हो. मराठीत आपण म्हणू: ‘ते चंद्रावर पोचले नाहीत, पण वाचले, घरी आले.’ आपल्याला क्रियापद बदलावंच लागतं.

दुसरी एव्हरेस्टची. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू अर्विन हे ब्रिटिश गिर्यारोहक शिखराच्या दिशेनं चढत होते. ढग क्षणभर बाजूला झाले तेव्हा त्यांचा सोबती नोएल ओडेल याला ते खालून दिसले, आणि मग पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. हिलरी आणि तेनझिंग शिखरावर पोचले ते त्यानंतर २९ वर्षांनी, १९५३ साली. पण मॅलरी आणि अर्विन त्यांच्याही आधी पोचले होते का, हा प्रश्न गिर्यारोहकांमध्ये सतत फिरतो आहे: ‘डिड दे मेक इट?’

हा प्रश्न मी फळ्यावर लिहिते आणि मराठीत करायला सांगते. मुलं पेन्सिल चावत बसतात. ‘ते वाचले का’ म्हणावं, तर त्याचं उत्तर १९२४ सालीच कळलं होतं. ‘ते पोचले का’ म्हणावं, तर कुठे ते जोडावं लागतं, नाहीतर खाली तळावर पोचले का असंही वाटेल. इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र संदर्भ माहीत असला की प्रश्न शिखराचा आहे हे कळतं, आणि तरीही ‘वाचले नाहीत’ ही सावली त्या दोन शब्दांवरून हलत नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं लिहिलं, ‘त्यांनी गाठलं का?’ काय गाठलं ते तिनं लिहिलं नव्हतं. ते भाषांतर मी आजही वापरते.

१ मे १९९९ रोजी मॅलरीचा देह सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर सापडला, पंचाहत्तर वर्षं बर्फानं राखलेला. २०२४ साली खालच्या हिमनदीत अर्विनचा बूट आणि त्यात पायाचे अवशेष सापडले, मोज्यावर त्याच्या नावाची पट्टी शिवलेली होती. शिखरावरचा फोटो ज्यात असू शकेल, तो त्या दोघांनी सोबत नेलेला छोटा कोडॅक कॅमेरा मात्र अजून मिळालेला नाही.